लोंबकळणारी भुरी

शालिनगरात अरिंदम राजा राज्य करत होता, त्या काळची ही गोष्ट. बोधिसत्त्व तेव्हा एका गरीब घरात जन्माला आला होता. सोणक हे त्याचं नाव. राजाच्या धान्यकोठारात उंदरांसाठी मांजरं पाळलेली असत. त्यांना दूधभात घालायचा, त्यांची दुखणीखुपणी बघायची, हे त्याचं काम. ते करता करताच तो म्हातारा झाला. लग्न नाही, लेकरू नाही.

कोठाराचा मुख्य होता नंदिय. माणूस चोख. साळीच्या राशी तो डोळ्यांत तेल घालून राखायचा. त्या नगरात मांजर पारखायची एक जुनी रीत होती. मानेच्या कातडीला धरून मांजर उचलायचं. त्यानं मागचे पाय पोटाशी आखडून घेतले तर ते कामाचं, आणि पाय सैल सोडून लोंबकळत राहिलं तर बिनकामाचं. दरवर्षी सुगीनंतर नंदिय कोठाराच्या अंगणात एकेक मांजर असं उचलून बघे. लोंबकळणारी सगळी टोपलीत जात, टोपली होडीत, आणि होडी नदीपलीकडच्या रानात. रानात कोल्हे होते. पुढचं सांगायला नको.

सोणक मागाहून दुसरी होडी घेऊन जाई आणि सापडतील तेवढी मांजरं उपरण्यात गुंडाळून आपल्या खोपटात आणी. लोक थट्टा करत, "काय सोणकबाबा, म्हाताऱ्या मांजरांची धर्मशाळा काढलीत वाटतं!" तो म्हणे, "इतकी वर्षं त्यांनी तुमचाच भात राखला ना रे?" बाकी वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता.

नंदियाला एकच मुलगी होती, सामा. नवसासायासानं झालेली, बापाचा जीव की प्राण. एका वर्षी पोरीनं अंथरूण धरलं. ताप हटेना, पायातलं बळ गेलं. वैद्यानं नंदियाला ओसरीवर बाजूला घेतलं आणि म्हटलं, "औषध चालू ठेवतो. पण आता तिच्या मनासारखं करा." नंदियाला काय ते कळलं.

आत गेल्यावर त्यानं विचारलं, "सामा, तुला काय हवं? सांग, काय वाटेल ते सांग."

"मांजर हवं," सामा म्हणाली. "तुम्ही कोठारात जाता, आई कामात असते. मला एकटीला भीती वाटते, बाबा. माझ्याजवळ झोपणारं मांजर आणा."

एवढंच मागितलं पोरीनं! नंदिय धावतच कोठारात गेला. मानेला धरून मांजरं उचलून पाहिली आणि त्यातला सगळ्यांत तेज पट्टेरी बोका निवडून आणला. राजाच्या कोठारातला अव्वल शिकारी. बोका सामाच्या अंथरुणावर क्षणभरही टेकला नाही. आढ्यावर चढून बसला, आणि संध्याकाळी अर्धमेला उंदीर तिच्या उशाशी आणून टाकला. सामा किंचाळली. नंदियानं दुसरं मांजर आणलं, ते त्याहून चपळ. तिसरं आणलं, त्यानं तिचा हात ओरबाडला.

नंदियाची बायको मंदारा त्या हाताला हळद लावत होती. ती म्हणाली, "अहो, आपल्या पोरीला उंदीर का पकडायचेत?"

नंदियाला तोंडात मारल्यासारखं झालं. सामानं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. "राहू दे, बाबा," ती म्हणाली. "मांजरांना मी आवडत नाही."

ते ऐकलं आणि नंदिय तसाच उठून सोणकाच्या खोपटाकडं निघाला. सोणक आता फार थकला होता. डोळ्यांवर पडदा आला होता, खोकला होता. त्या थंडीत बाकीची मांजरं एकेक करून गेली होती. उरली होती एक भुरी. ती म्हाताऱ्याच्या छातीशी, घोंगडीत झोपलेली होती.

"कोठारी, बसा," सोणक म्हणाला. नंदियानं सगळं सांगितलं. सांगता सांगता सवयीनं त्यानं हात पुढं केला आणि भुरीला मानेला धरून उचललं. भुरी चारी पाय सोडून लोंबकळत राहिली. नंदियाला ती एकदम ओळखू आली.

"हिला मीच टाकलं होतं."

"हो, तुम्हीच," सोणक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "कोठारी, पाय आखडतं ते मांजर उचलणाऱ्याशी झगडायला तयार असतं. लोंबकळतं त्याला वाटत असतं, की ज्यानं उचललंय तो आपल्याला टाकणार नाही."

नंदियानं भुरीला हळूच खाली ठेवलं. त्याला मान वर करवेना. म्हातारा थोडा वेळ भुरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं तिला घोंगडीतून काढून नंदियाच्या ओंजळीत दिलं.

"न्या. तिला दात नाहीत, भात मऊ कालवून घाला."

"आणि बाबा, तुम्ही?"

"पोर एकटी आहे म्हणालात ना? मग उशीर करू नका."

भुरी सामाच्या अंथरुणावर गेली, दोनदा गोल फिरली आणि तिच्या पोटाशी वेटोळं करून झोपली. सामा श्वास रोखून पडून राहिली. मग हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"बाबा, ही गुरगुरते ना, ते माझ्या पोटात ऐकू येतं!"

त्यानंतर सामा एकटी राहिली नाही. एका दुपारी ती गेली. शांतपणे गेली, हात भुरीच्या अंगावर. आईनं तो हात उचलेपर्यंत भुरी जागची हलली नाही.

मंदारा रडली नाही. जेवेना, बोलेना, रिकाम्या अंथरुणाकडं बघत बसे. त्या अंथरुणावर भुरी झोपलेली असायची आणि नंदियाला ते पाहवत नसे. शेवटी तिला टोपलीत घालून तो सोणकाकडं परत घेऊन आला.

खोपटात चुलीशेजारी मातीच्या ताटलीत मऊ भात कालवून ठेवला होता.

"हा कुणासाठी?" नंदियानं विचारलं.

"कुणासाठी नाही. वेळ झाली की हात आपला जातो," सोणक म्हणाला. त्यानं चाचपडत टोपलीत हात घातला. भुरी गुरगुरली. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग त्यानं टोपलीवर झाकण ठेवलं.

"परत न्या, कोठारी. मुलगी गेली, पण मुलीची आई आहे ना घरात?"

नंदिय घरी आला आणि त्यानं भुरीला मंदाराच्या मांडीवर ठेवलं. भुरीच्या केसांना अजून सामाच्या औषधी तेलाचा वास येत होता. मंदारानं तिच्या अंगात तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला. तिच्या शेजारी बसून नंदियही पोटभर रडला. त्या रात्री दोघांनी दोन घास खाल्ले.

हिवाळा सरायच्या आत सोणक वारला. त्याच्या तिरडीला नंदियानं खांदा दिला. खोपटात भाताची ताटली तशीच होती.

पुन्हा सुगी झाली. कोठाराच्या अंगणात टोपल्या मांडल्या, काठाला होडी लागली. नंदियानं पहिलाच एक म्हातारा बोका मानेला धरून उचलला. तो पाय सोडून लोंबकळत राहिला आणि त्याच्याकडं बघत राहिला.

"टाकू का टोपलीत?" नोकरानं विचारलं.

आजवर टोपलीत टाकलेली सगळी मांजरं नंदियाच्या डोळ्यांपुढं आली. सगळ्यांनी त्याच्यावर असाच भरवसा ठेवला होता. त्यानं बोक्याला चारचौघांत दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "होडी सोडा," तो म्हणाला, "रिकामीच."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात एका स्थविराला, ज्येष्ठ भिक्षूला, सांगितली. त्या स्थविरानं हुशार शिष्य निवडून जवळ ठेवले होते, आणि मंदबुद्धीचा म्हणून एका आजारी भिक्षूला मागच्या कोठडीत टाकलं होतं. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा नंदिय तू होतास. मंदारा आज भिक्षुणीसंघात आहे. सोणक मीच होतो."

"आणि सामा, भगवन्?" स्थविरानं विचारलं.

"मागच्या कोठडीत आहे. सकाळपासून त्याला कुणी पाणी दिलेलं नाही."

स्थविर उठला. तो पाण्याचं भांडं घेऊन कोठडीकडं गेला आणि दार लावून घेण्याआधी त्याचं रडणं सगळ्यांना ऐकू आलं.

आपल्यापाशी उरलेली एकुलती ऊब बोधिसत्त्वानं दुसऱ्याच्या लेकराला दिली, आणि परत आली तेव्हाही ठेवून घेतली नाही. त्या जन्मी त्यानं जपली ती करुणा.