गेरूचे चिंचोके

नदीकाठच्या एका बाजारगावात गेनबा नावाचा दवंडीवाला राहत असे. मोठ्या पेठेतल्या दुकानांचे दवंडीवाले वेगळे होते, दहा-दहा हलग्या घेऊन फिरणारे. गेनबाकडे एकच हलगी. त्यामुळे कुंभार, बुरूड असले लहान विक्रेते त्याच्याकडे येत.

त्याची रीत सोपी होती. दवंडी ऐकून जो दुकानाकडे निघेल त्याला तो एक चिंचोका देई. माणूस दुकानात पोचला की चिंचोका तिथल्या मडक्यात टाकी. संध्याकाळी जितके चिंचोके तितक्या मुठी ज्वारी गेनबाला मिळे. गाव मोठं आणि गेनबा एकटा, म्हणून नदीच्या उतारावर तुळसाबाई आणि गाडीतळावर नागू असे दोघे त्यानं जोडीला घेतले होते. त्यांच्या चिंचोक्यांची ज्वारी निम्मी त्यांची, निम्मी गेनबाची. ओळखता यावेत म्हणून गेनबाचे चिंचोके हळदीनं रंगवलेले, तुळसाबाईचे चुन्यानं आणि नागूचे गेरूनं.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर हौसाबाई त्याच्याकडे आली. वर्षभर मागावर खपून तिनं वीस घोंगड्या विणल्या होत्या. त्या खपल्या तर माग चालू राहणार होता, नाहीतर मागच विकायची पाळी होती.

पहिल्या बाजारी मडकं निम्मं भरलं आणि घोंगड्या दोन गेल्या. दुसऱ्या बाजारी मडकं काठोकाठ भरलं आणि घोंगडी एकच गेली. गेनबा मात्र खुशीत होता. त्याची कणगी आयुष्यात पहिल्यांदा अशी भरली होती. आता भरलेलं मडकं दिसल्यावर आत डोकावून बघायचं कुणाला सुचतं?

शेवटची मूठ घालून हौसाबाई म्हणाली, "गेनबा, तू तुझं काम चोख केलंस. एवढी माणसं बघून गेली आणि कुणाला घोंगडी पसंत पडेना. माझीच वीण बिघडली असणार. पुढच्या बाजारानंतर माग विकून टाकते."

तिनं विणलेली घोंगडी गेनबा दहा वर्षं पांघरत होता. वीण कशी आहे ते त्याच्या पाठीला ठाऊक होतं. त्यानं पहिल्यांदाच मडक्यात नीट पाहिलं. जिकडेतिकडे गेरूचे लाल चिंचोके होते.

तिसऱ्या बाजारी दुपारी हलगी बाजूला ठेवून तो गाडीतळावर गेला आणि एका गाडीआड बसला. बैल सोडून रिकामे बसलेले गाडीवान एकेक करून नागूकडे येत होते. नागू प्रत्येकाला एक चिंचोका देई आणि वर चिमूटभर तंबाखू. हिरव्या फेट्याच्या एका गाडीवानामागून गेनबा दुकानापर्यंत गेला. घोंगडी घेणारा माणूस आधी ती गालाला लावून बघतो. यानं बोटसुद्धा लावलं नाही. चिंचोका टाकला, तसाच मागे फिरला आणि नागूपुढे पुन्हा हात पसरला. असा तो चार वेळा जाऊन आला.

"नागू, हे काय चालवलंयस?" गेनबानं विचारलं.

"निम्मी ज्वारी तुमच्याच घरी जाते, गेनबादादा," नागू म्हणाला. "इतक्या दिवसांत तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

नागू लबाड खरा, पण हे काही तो खोटं बोलला नव्हता.

घरी जाताना गेनबाच्या मनात आलं, गप्प बसावं. बाईला कळलेलं नाही, कळणारही नाही. नागूला काढलं की झालं. पण आपण गप्प बसलो तर तिचा माग जाणार, हेही त्याला दिसत होतं. त्यानं कणगी उघडली. लाल चिंचोक्यांची सगळी ज्वारी, नागूच्या वाट्याचीसुद्धा, पोत्यात भरली. कणगीचा तळ दिसला. पोतं त्यानं हौसाबाईच्या दारात नेऊन टेकवलं.

"हौसाक्का, तुझी वीण चांगली आहे. लाल चिंचोके आणणारी माणसं खोटी होती. चूक माझी, मी बघितलंच नाही."

हौसाबाई चिडली. चिडणारच. "दोन आठवडे मी माझ्याच हातांना शिव्या देत होते, गेनबा!" मग तिनं तिन्ही बाजारांचे चिंचोके सुपात ओतले आणि म्हणाली, "बस, निवडू लाग."

लाल चिंचोके बाजूला काढल्यावर सुपात चाळीस उरले, पिवळे आणि पांढरे. तिन्ही बाजार मिळून घोंगड्या पाच गेल्या होत्या.

"म्हणजे आठांतला एक घेतोच की," हौसाबाई म्हणाली. तिनं मागाकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. माग विकायचा विषय तिथेच संपला.

नागू चार दिवस फुगून बसला आणि मग मोठ्या पेठेत गेला. तिथे मडकीही मोठी होती.

पुढच्या बाजारी हौसाबाईनं नवा नियम केला. चिंचोका मडक्यात टाकायचा नाही, तिच्या हातात द्यायचा. संध्याकाळी चिंचोके भरले चोवीस आणि घोंगड्या गेल्या तीन. तिनं गेनबाच्या पिशवीत चोवीस मुठी ज्वारी घातली. गेनबाच्या लक्षात आलं, आज तिची मूठ नेहमीपेक्षा मोठी होती.

तात्पर्य: मडकं किती भरलं याआधी ते कुणी भरलं हे बघावं, आणि आपल्या नावावर खोटी भर पडली असेल, तर दुसऱ्यानं दाखवायच्या आत आपणच ती काढून टाकावी.