आवडीच्या तोंडातले खडे

एक होता कोष्टी, महादबा. त्याची बायको गजरा आणि चौदा वर्षांची लेक आवडी. नाव आवडी हं, पण कुणी लाड केले असतील तर शपथ! निमे, पाय पांघरुणात घे आधी.

तर बाप मागावर लुगडी विणायचा आणि आई शेजारीच रहाटावर त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. दोघांत चार हातांचं अंतर. पण आवडी पाळण्यात होती तेव्हापासून दोघांचा अबोला. कशावरून, ते त्यांनाही आठवत नव्हतं. मग बाप म्हणायचा, "सांग तुझ्या आईला, कांडी संपली." आई म्हणायची, "सांग तुझ्या बापाला, मला काय दहा हात आहेत?" पुढे पुढे तर असे विषारी शब्द, की तुमच्यासमोर मला बोलवत नाहीत. ते सगळे आवडीने न्यायचे. अन् नवल काय, बरं का, नेलेला प्रत्येक कडू शब्द खडा होऊन तिच्या जिभेखाली बसायचा. निरोप तेवढे बाहेर पडायचे. स्वतःचं काही बोलू गेली की नुसता खडखडाट.

मग एकदा काय झालं, घरामागच्या नदीवर सूत धुताना एक म्हातारी भेटली. तिने आवडीचं तोंड उघडून पाहिलं अन् कपाळाला हात लावला. "पोरी, तीनच खड्यांची जागा उरलीय. तिसरा बसला की वाचा गेली, ती कायमची. नदी ओलांड. पलीकडे सगळे गळून पडतील. मागून कुणी निरोप सांगितला तर वळू नकोस."

मग आवडी भर दुपारी निघाली. पाण्यात पाऊल टाकलं तोच बापाची हाक, "आवडे, सांग तुझ्या आईला, तिच्यापायी घराचं मसण झालं!" सवयीने वळली बिचारी. निरोप नेला, एक खडा बसला.

मग पुन्हा निघाली. गुडघाभर पाण्यात आईची हाक, "सांग तुझ्या बापाला, मी जीव देते!" असं ऐकून कोण पुढे जाईल? धावत घरी आली, निरोप दिला. पाहते तर आई खुशाल रहाट फिरवतेय. दुसरा खडा बसला.

तिसऱ्यांदा कमरेभर पाण्यात गेली, तर दोघंही काठावर. आवडीच्या जन्मात पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून उभे! आवडी थांबली. आता कुणीतरी नुसतं "ये गं बाळा" म्हणेल, असं तिला वाटलं. तेवढं म्हणाले असते ना, तर वाचेवर पाणी सोडून परत गेली असती हो पोर. पाणी चढून छातीला लागलं तरी थांबली.

बाप म्हणाला, "सांग तिला, तिच्यामुळे पोरगी चालली."

आई म्हणाली, "सांग त्याला, त्याच्यामुळे."

आवडी फार रडली. पण वळली नाही.

पलीकडे ओंजळभर खडे पडले, रक्तासकट. तिथे एक धनगरीण शेळ्या चारत होती. तिने विचारलं, "कोण गं तू? काय हवंय?" चौदा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आवडी हळूच म्हणाली, "भूक लागलीय." मग धनगरणीने दूधभाकरी दिली, घरी नेलं. आवडी तिथेच मोठी झाली, सुखात राहिली.

आणि आईबाप? ते नाही रे सुधारले. सगळेच नाही सुधारत.

चला, डोळे मिटा आता. अन् उद्या तुमची आई "सांग बाबांना" म्हणाली, तर जागचं हलायचं नाही. म्हणावं, आजीने बजावलंय.