वेत्रग्रामचा लिंपलेला डोंगर

पूर्वी अश्मक देशात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी वेत्रग्राम नावाच्या डोंगरगावात, माळ्याच्या कुळात जन्म घेतला. त्या जन्मी त्यांचे नाव नंदिक. बोधिसत्त्व म्हटले की मिटल्या डोळ्यांची एक शांत मूर्ती आपल्यासमोर उभी राहते. या जन्मी तसे काही नव्हते. नंदिकाच्या हाताला यश होते, त्याने वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटावी. पण जीभ तिखट होती, आणि कुणी वेड्यासारखे वागताना दिसले की त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागे. ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, अशाच एका चिडलेल्या भिक्षूला सांगितली. तो कशावरून चिडला होता, ते शेवटी येईलच.

नंदिक राजाच्या उद्यानात मुख्य माळी होता. तिथे त्याचा शब्द झेलायला माणसे उभी असत. मग एका वर्षी वेत्रग्रामच्या नदीने पात्र बदलले आणि गावाची सगळी सपाट शेते गिळली. उरला तो गावामागचा डोंगर, भिंतीसारखा उभा. त्यावर नाचणी पेरावी तर एका पावसात बी मातीसकट खाली येई. गावाने घरे सोडून दुसऱ्यांच्या दगडखाणींवर राबायला जायचे ठरवले. नंदिकाला लहानपणापासून वाढवणारी त्याची आत्या उत्तरा, तिने निरोप धाडला, "गाव मोडतंय. तुला काही सुचत असलं तर ये." नंदिकाने राजाची रजा घेतली आणि तो आला.

त्याने डोंगर पाहिला, माती हातात घेऊन वास घेतला आणि सांगितले, "पायऱ्या पाडू. प्रत्येक पायरीला दगडी बांध घालू, मागे नदीतला गाळ आणून भरू आणि फळझाडं लावू. वर आवळा, मधे डाळिंब आणि महाळुंग, खाली आंबा. डोंगर फळला तर गाव इथंच राहील."

गाव कामाला लागले, आणि तिथून नंदिकाच्या छळाला सुरुवात झाली.

वेत्रग्रामची माणसे आळशी मुळीच नव्हती. आळशी असती तर बरे झाले असते, असे नंदिकाला पुष्कळदा वाटे. ती उत्साहाने चुकीचे काम करीत. नदीतले गोल गुळगुळीत गोटे शोधून शोधून आणीत, कारण ते दिसायला छान. नंदिक ओरडे, "गोट्यांचा बांध उभा राहत नाही रे! अंगावर घरंगळेल." मग ते लांब दगड आणीत आणि आडवे, पूर्ण बाहेर दिसतील असे मांडीत. नंदिक पुन्हा ओरडे, "दगडाचं तोंड बाहेर आणि बाकी सगळं अंग डोंगरात! किती वेळा सांगू?" त्यावर माणसे मान डोलावीत, दगड नीट लावीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवेच मांडीत. एवढा मोठा दगड आत पुरून टाकायचा, हे त्यांच्या जिवावर येई.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या गावच्या बायकांचा लौकिक होता तो लिंपणाचा. शेण आणि पांढरी माती कालवून त्या भिंती अशा गुळगुळीत करीत की हात फिरवत राहावे. सण आला की घर, गोठा, चूल, उंबरा, काही म्हणता काही सुटत नसे. या सगळ्यांत उत्तरा आत्याचा हात पहिला. उघड्या दगडाची भिंत दिसली की तिला कुणीतरी फाटके नेसून देवळात आल्यासारखे वाटे.

पायऱ्या उभ्या राहिल्या. नंदिक रोपे आणायला दूरच्या खोऱ्यात गेला आणि आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी परतला. पाहतो तो सबंध डोंगर पांढराशुभ्र! प्रत्येक बांधावर कमळे, हत्ती आणि वेली. रोपांची पाटी खाली ठेवून तो तडक आत्याकडे गेला.

"आत्या, हे काय केलंस?"

"काय म्हणजे? लिंपलं. नुसते दगड कसे दिसत होते, दात विचकल्यासारखे."

"आणि मोऱ्या?"

"कसल्या मोऱ्या?"

"बांधाच्या पायाशी भोकं ठेवली होती. घसा फुटेस्तोवर ओरडून ठेवून घेतली होती!"

"ती होय. ती मी स्वतः बुजवली. बायकांनी तशीच सोडली होती. भिंतीला भोकं ठेवून सण करतं का कुणी?"

नंदिकाने डोळे मिटले. मग शक्य तितक्या हळू आवाजात तो म्हणाला, "आत्या, पावसाळ्यात डोंगर पाणी पितो. ते बाहेर पडायला वाट लागते. वाट नसली की ते बांधामागं साठतं, बांधाचं पोट फुगतं आणि तो फुटतो. मग माती, झाडं आणि खालची घरं, सगळं नदीत जाईल."

"मग हे आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं!"

"ओरडला होतास. ओरडलेलं कुणाच्या लक्षात राहतं?"

नंदिकाने पहार घेतली आणि एकूणएक मोरी पुन्हा मोकळी केली. बायका दारात उभ्या राहून हळहळत होत्या. पुढच्या सणाला मोऱ्या पुन्हा बुजल्या, कारण त्यांतून साप येतात असे कुणीतरी म्हणाले होते. नंदिकाने त्या पुन्हा फोडल्या. त्याच्या पुढच्या सणाला आत्याने अभिमानाने सांगितले, "या वेळी एकही लिंपली नाही हो." नंदिक खूश होऊन पाहायला गेला, तर प्रत्येक भोकात गवताचा बोळा कोंबलेला. हिवाळा होता, झाडांच्या मुळांना वारा लागू नये, म्हणून.

तरीही झाडे वाढली. नंदिकाने स्वतःसाठी कुणालाच नको असलेली, सगळ्यांत अवघड चढावरची पायरी घेतली होती. तिच्या वर फक्त आत्याची पायरी होती, आणि खाली गावाच्या पायऱ्या, त्यांच्याखाली घरे. नंदिकाच्या पायरीवर डाळिंबे होती. राजाच्या उद्यानातून आणलेल्या कलमांची ती झाडे त्याने लेकरांसारखी जपली होती, आणि त्या वर्षी भाद्रपदात त्यांना पहिल्यांदा फळ धरले. मुठीएवढी हिरवी फळे. नंदिक रोज सकाळी त्यांना बघून येई आणि त्या दिवसाच्या पहिल्या चुकीच्या दगडापर्यंत त्याचे मन प्रसन्न राही.

त्याच सुमारास राजाचा दूत आला. उद्यानाची दुर्दशा झाली होती. राजाने नंदिकाला बोलावले होते. घर, वस्त्रे, मान सगळे पूर्वीपेक्षा अधिक मिळणार होते. दूत म्हणाला, "उद्यापर्यंत निघालात तर जागा तुमची. नाही तर राजाने दुसरा माळी पाहून ठेवला आहे."

नेमके त्या सकाळी नंदिकाने एका माणसाला सुंदर गोल गोटा घेऊन बांध दुरुस्त करायला निघालेले पाहिले होते. नंदिक म्हणाला, "येतो. तिथं मोरी ठेव म्हटलं की ठेवतात."

गावाला वाईट वाटले, पण कुणी अडवले नाही. आत्या एवढेच म्हणाली, "जा बाबा. तुझं रक्त आटवलं आम्ही. पण संध्याकाळी जा, जेवून." नंदिक जेवला, वामकुक्षी केली, तोवर गावातल्या एकाही घरात बाई दिसेना. निघताना आत्याने भाकरीचे गाठोडे हातात दिले. तिच्या कोपरापर्यंत पांढरी माती होती. ती म्हणाली, "खिंडीत पोचलास की एकदा मागं वळून बघ."

खिंडीत पोहोचेपर्यंत पाऊस सुरू झाला होता, मोठ्या थेंबांचा आणि आडवा. नंदिकाने वळून पाहिले. सगळा डोंगर नव्याने लिंपला होता. तो जेवून झोपला होता तेवढ्यात साऱ्या गावाने मिळून त्याच्यासाठी डोंगर सजवला होता. प्रत्येक बांधावर फुटलेले डाळिंब काढले होते, दाणे दिसणारे. गावाने त्याला दिलेला तो निरोप होता. नंदिक ती चित्रे एकेक करून बघू लागला.

आणि मग त्याच्या ध्यानात आले की एवढा पाऊस कोसळत असून एकाही बांधातून पाण्याची धार पडत नव्हती.

"बुजवल्या," तो म्हणाला. "सगळ्या बुजवल्या! माझ्या प्रेमापोटी बुजवल्या!" आणि गाठोडे दूताच्या हातात कोंबून तो उलटा पळत सुटला.

"अहो, जागा जाईल!" दूत ओरडला.

"जाऊ द्या!"

तो पोहोचला तेव्हा आत्याच्या पायरीच्या बांधाला पोट आले होते. लिंपणावर चिरा पडल्या होत्या आणि त्यांतून गढूळ पाणी झिरपत होते. गाव भिजत उभे होते. एकेक मोरी फोडायला आता वेळ नव्हता, आणि पहार घातली असती तर फुगलेला बांध एकदमच अंगावर आला असता. पाण्याला एकच वाट देता येत होती: आत्याच्या बांधाचे एक टोक उतरवायचे, पाणी नंदिकाच्या पायरीवर घ्यायचे आणि ती पायरी आडवी खणून ते बाजूच्या घळीत सोडायचे. म्हणजे डाळिंबे जाणार. तसे केले नाही तर खालच्या सगळ्या पायऱ्यांसकट घरे जाणार.

नंदिक बांधाच्या टोकाशी चढला आणि त्याने वरचा दगड उपसला. समोर आत्या उभी होती. तिच्या हातात अजून मातीचे भांडे होते, आणि ती म्हणत होती, "अरे, पावसाचं लक्षण नव्हतं रे सकाळी. मी म्हटलं, एक दिवस राहील, तू बघशील, मग उद्या उघडू."

नंदिकाच्या हातात दगड होता. डोके भणभणत होते. एवढ्या वर्षांची चीड त्याच्या मनगटात उतरली आणि क्षणभर त्याला पुढचे काही दिसेना. मग त्याने तो दगड खाली, खणायच्या चराच्या काठावर ठेवला. नीट ठेवला, तोंड बाहेर आणि अंग आत.

"भांडं टाक आणि माती ओढ!" तो ओरडला. "तू तिकडं खण! अरे घळीकडं, आकाशाकडं बघत काय उभा आहेस? झाडं आडवी येतात तर उपटा!"

"डाळिंबं?" कुणीतरी दबकत विचारले.

"मग काय माझे केस उपटणार आहेस? उपट!"

गावाने खणले. बायकांनी ज्या हातांनी डोंगर सजवला होता त्याच हातांनी तो ओरबाडला. नंदिक एकेक दगड उतरवीत होता आणि एकेका माणसाला शिव्या घालीत होता. पाणी सुटले ते त्याच्या पायरीवरून, डाळिंबांच्या रांगांमधून घळीत धावले. बांधाचे पोट हळूहळू ओसरले. सकाळी घरे जागच्या जागी होती, गावाच्या पायऱ्याही होत्या. नंदिकाच्या पायरीचा मात्र नुसता काळा खडक उरला होता, आणि त्यावर एक कच्चे डाळिंब अडकून राहिले होते.

आत्या त्याच्याजवळ येऊन बसली. नखांतली पांढरी माती काढत म्हणाली, "मी बुजवल्या."

"माहीत आहे."

"आता नाही बुजवणार."

नंदिकाने तिच्याकडे बघितले. त्याचा काडीइतका विश्वास बसला नाही.

पण आत्याने त्यावर खूप विचार केला. पुढच्या सणाला तिने सगळ्या बायकांना जमवले आणि लिंपण केले, नेहमीसारखेच सुरेख. फक्त या वेळी तिने प्रत्येक मोरीभोवती चित्र काढले. कुठे मोरी माशाचे तोंड झाली, कुठे मोराचा डोळा, कुठे कमळाचा गाभा. मोरी बुजवली तर मासा मुका होणार आणि मोर आंधळा. वेत्रग्रामच्या कुठल्याही बाईला ते सहन होणे शक्य नव्हते. त्यानंतर तिथे एकही मोरी कधी बुजली नाही. पाऊस आला की गावातली माणसे मुद्दाम बाहेर येऊन माशांच्या तोंडांतून पडणाऱ्या धारा बघत.

नंदिकाची पायरी गावाने पुन्हा बांधून दिली. पहिल्याच दिवशी लांब दगड बाहेरून आडवे मांडले आणि नंदिकाला पुन्हा ओरडावे लागले. काही वर्षांनी डोंगर वरपासून खालपर्यंत फळला. गाव मोडले नाही. नंदिक राजाकडे परत गेला नाही, आणि मरेपर्यंत त्याची कुरकुरही थांबली नाही.

ही कथा शास्त्यांनी सांगितली ती मंजुल नावाच्या भिक्षूला. विहारामागच्या चढावर मंजुलाने आंब्यांसाठी पायऱ्या घातल्या होत्या, आणि भिक्षू रोज पात्रे घासून राख आणि पाने त्याच्या मोऱ्यांत ढकलीत. शेवटी तो संतापून म्हणाला होता, "भगवन्, या मूर्खांत राहून मला सारखा राग येतो. माझ्याच्याने क्षमा पाळवत नाही. माझा एक मित्र मला अरण्यात चल म्हणतो आहे, मी तिकडे जातो."

कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "त्या वेळचे गावकरी म्हणजे आजचे हे पात्रे घासणारे भिक्षू. राजाचा दूत म्हणजे तुला अरण्यात चल म्हणणारा तुझा मित्र. नंदिक म्हणजे मी."

"आणि मोऱ्या बुजवणारी ती आत्या?" मंजुलाने विचारले. अजून त्याच्या स्वरात राग होता.

"ती तू, मंजुला."

मंजुलाचे कान लाल झाले. मग त्याने हळूच विचारले, "भगवन्, त्या जन्मी आपल्याला राग येत होता?"

"खूप येत होता," शास्ते म्हणाले. "त्या दिवशी तर हातात दगडही होता. तो मी कुणावर फेकला नाही, बांधाला लावावा तसा खाली ठेवला. तेव्हापासून ज्या गुणाला मी क्षांती, म्हणजे क्षमा, म्हणतो, तो हाच."