केरबाने पाठवलेला राखणदार

नदीकाठच्या कुरणवाडीत केरबा नावाचा एक फलंदाज राहत होता. तो फार धावा करायचा असं नाही, पण तो बाद होत नसे. सकाळी खेळायला उतरला की सावली पायाखाली येऊन पुन्हा लांब होईपर्यंत तो तिथेच. समोरचे गोलंदाज आधी चिडत, मग दमत आणि शेवटी हसत. सोडण्यासारखा चेंडू तर तो असा सोडायचा, की दारात आलेल्या नको त्या पाहुण्याला गोड बोलून परत लावल्यासारखं वाटावं.

दरवर्षी पिकं निघाली की कुरणवाडी आणि पलीकडच्या काठावरची दगडवाडी यांचा तीन दिवसांचा सामना होई. पांढरे कपडे, लाल पक्का चेंडू, दोन्ही गावांचे दोन-दोन डाव. दुपारी दोन्ही संघ एकाच पंगतीत जेवायला बसत. केरबा उतरला की बघणारी माणसं निवांत डबे उघडत. हा काही इतक्यात जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे.

मग गावात संध्याकाळचे सामने आले. दहा-दहा षटकं, टेनिसचा चेंडू, डोळे दिपवणारे दिवे, माइकवर ओरडणारा निवेदक, आणि सामनावीराला बक्षीस म्हणून बोकड. या सामन्यांत संग्राम कोळी नावाचा पोरगा चमकला. तो पहिल्या चेंडूपासून मारायचा. त्याने एकदा मारलेला चेंडू उसाच्या फडात गेला, तो ऊस तोडतानाच सापडला. लोकांनी संग्रामला जीपवर उभं केलं, शेजारी बोकड उभा केला आणि दोघांना गावभर मिरवलं.

केरबा ओट्यावर बसून बघत होता. दिवसभर उभं राहून त्याने सामना वाचवला होता, त्या वर्षी त्याला नारळ मिळाला होता.

हेवा मोठा लबाड असतो. तो कधी स्वतःचं नाव सांगून घरात शिरत नाही. केरबाकडे तो तक्रार होऊन आला. "हे क्रिकेट नव्हे," केरबा म्हणू लागला. ते अगदी खोटंही नव्हतं, म्हणून लोक माना डोलावत. पण घरी आल्यावरही केरबाच्या डोक्यात क्रिकेट नसायचं, संग्राम असायचा. न्हाव्याच्या दुकानात संग्रामचा फोटो लागला, तेव्हापासून तो शेजारच्या गावी केस कापायला जाऊ लागला. संध्याकाळी कर्ण्यावरून संग्रामच्या नावाचा पुकारा झाला की तो दचकायचा आणि कपातला चहा बशीत सांडायचा.

त्याची बायको इंदू म्हणाली, "पोटात दुखतंय तर ओवा देते. त्या पोराला कशाला शिव्या घालता?"

"मी कुठं शिव्या घातल्या?"

"दिवसभर नाव घेता की त्याचं. माझं तरी इतकं घेतलंय का कधी?"

एके दिवशी केरबा गल्लीतून चालला होता. पोरं खेळत होती. एक मुलगी आलेला प्रत्येक चेंडू नुसता बॅट लावून अडवत होती. तिचे सवंगडी वैतागून ओरडले, "ए, केरबा नको करूस. मार की."

केरबा जागीच थांबला. आपल्या नावाचं असं काही झालंय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो मागच्या बोळातून घरी गेला आणि जेवला नाही.

त्या वर्षी मैदान कमिटीचे अध्यक्ष तात्यासाहेब त्याला म्हणाले, "केरबा, स्पष्ट सांगतो. मागच्या वर्षी सामना दुसऱ्याच दिवशी आटोपला. तिसऱ्या दिवसाचा मांडव उगाच उभा राहिला. यंदा तिसरा दिवस बघायला मिळाला तर सामना राहील. नाहीतर पुढच्या वर्षीपासून ते तीन दिवस संध्याकाळच्या सामन्यांना द्यायचे, असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

केरबा संघाचा कप्तान होता. त्या तीन दिवसांसाठीच तो उरलेलं वर्ष काढत असे. त्यात पांढरे कपडे घालायला गावात दहाच जण तयार झाले. अकरावा मिळेना.

अकरावा आपणहून दारात आला. तो संग्राम होता.

"अण्णा, एक गडी कमी पडतोय म्हणं. मी येऊ?"

केरबाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीन दिवस लागतात. बोकड मिळत नाही."

"बोकड हाय की घरात. आई कापू देत नाही. माझ्या दोन चपला खाल्ल्या त्यानं."

ओट्यावर बसलेले संघातले गडी हसले. केरबा हसला नाही.

"आणि अण्णा, एक विचारायचं होतं तुमाला."

"सामना झाल्यावर विचार," केरबा म्हणाला आणि आत निघून गेला.

सामना सुरू झाला. यंदा मैदानावर कधी नव्हे एवढी गर्दी होती. केरबाला आनंद व्हायला हवा होता. पण जो तो एकच विचारत होता, "संग्राम कधी येणार?" केरबाने संग्रामला सगळ्यात शेवटी ठेवलं. पहिल्या डावात त्याला एकही चेंडू न खेळता परत यावं लागलं. केरबाला त्या दिवशी जेवण चवदार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेल घेताना केरबाचं बोट सुजलं. म्हणून दुसऱ्या डावात तो मागे थांबला. संध्याकाळपर्यंत कुरणवाडीचे सात गडी बाद झाले. जिंकायच्या धावा अजून लांब होत्या, पण त्यांची घाई नव्हती. सूर्य उसाच्या फडांमागे टेकला होता. दगडवाडीचा वेगवान गोलंदाज त्वेषात होता आणि चेंडू नीट दिसत नव्हता. आणखी थोडा वेळ काढला की दिवस संपणार होता. मग तिसरा दिवस उजाडणार होता, आणि सामना वाचणार होता.

अशा कातरवेळी भरवशाच्या फलंदाजाला मागे ठेवून एखाद्या साध्या गड्याला पुढे पाठवायची रीत असते. त्याने धावा करायच्या नसतात. अंधार पडेपर्यंत नुसतं उभं राहायचं असतं. कुरणवाडीत त्याला राखणदार म्हणत. हे काम वर्षानुवर्षं बापू सुतार करत आला होता. तो पॅड बांधून उठलाही.

"बस, बापू," केरबा म्हणाला. "संग्राम जाईल."

बापूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अण्णा, तो पक्क्या चेंडूवर कधी खेळला नाही. मी तयार हाय."

"बसून राहा म्हटलं ना."

केरबाच्या मनात सगळं स्पष्ट होतं. या उजेडात संग्राम टिकणार नाही. बॅट फिरवेल आणि जाईल. हे सगळं गाव बघेल. मग आपण जाऊ आणि उभे राहू. तेही गाव बघेल. एक गडी फुकट जाईल, हे त्याला दिसत होतं. पण त्याला ते फुकट वाटत नव्हतं.

संग्राम घाईघाईने पॅड बांधून समोर आला. मामाचे पांढरे कपडे त्याला ढगळ होत होते. "अण्णा, मला हे येत नाही. काय करू सांगा."

उत्तर केरबाच्या जिभेवर होतं. चेंडू बाहेर असला तर हात वर घे, सरळ असला तर बॅट पुढे ठेव, बाकी काही करू नकोस. नव्या पोरांना त्याने हे कितीतरी वेळा सांगितलं होतं.

केरबा म्हणाला, "तुझा खेळ खेळ."

ऐकणाऱ्यांना वाटलं, केवढं हे मोठं मन. तात्यासाहेबांनी कौतुकाने मान हलवली. फक्त बापूने केरबाकडे एकदा पाहिलं, आणि मग खाली वाकून आवळलेलाच पट्टा पुन्हा आवळला.

पहिला चेंडू संग्रामने सोडायचा प्रयत्न केला. तो दंडावर बसला. कळवळून त्याने मांडवाकडे पाहिलं. केरबा दुसरीकडे बघत होता. दुसऱ्या चेंडूवर संग्रामने बॅट फिरवली आणि चेंडू मैदानाबाहेर गेला. जो आवाज रोज संध्याकाळी कर्ण्यावरून यायचा, तो आता इथे, तीन दिवसांच्या सामन्यात, केरबाच्या कानाशी उठला. तिसऱ्या चेंडूवर संग्रामची मधली यष्टी उखडली.

केरबा उठला. आता लोक हसतील म्हणून त्याने कान टवकारले. लोक टाळ्या वाजवत होते. "एकच मारला, पण काय मारला," कोणीतरी म्हणत होतं.

वाटेत संग्राम भेटला. त्याचे डोळे भरले होते. "चुकलं अण्णा. तुम्ही सांभाळा."

केरबाने पहिला चेंडू सोडला. सुरेख सोडला. पण मागून लोक सतरंज्या झटकत उठल्याचा आवाज आला. "चला. आता हा काही करत नाही."

पुढचा चेंडू बाहेर होता. असे चेंडू केरबाने जन्मभर सोडले होते. पण कानातल्या टाळ्या काही जात नव्हत्या. एकदा, फक्त एकदाच, तो आवाज आपल्यासाठी व्हावा असं त्याला वाटलं. त्याने बॅट उचलली. चेंडू उंच गेला. केरबाला आपला चेंडू आभाळात शोधायची सवयच नव्हती. तो त्याला दिसला तेव्हा दगडवाडीच्या एका गड्याच्या हातात होता.

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हसलंही नाही. मग बापू गेला आणि भिंतीसारखा उभा राहिला. पण केरबा असा गेलेला बघून पलीकडच्या टोकाचा गडी पार गडबडला होता. पुढच्याच षटकात तो पायचीत झाला. सामना संपला. पंचांनी यष्ट्या उपटल्या तेव्हा उजेड अजून थोडा शिल्लक होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी केरबा सवयीने मैदानावर गेला. मांडव रिकामा होता. पंगतीसाठी भिजत घातलेल्या मटकीला पातेल्यात मोड आले होते. थोड्या वेळाने ढगळ पांढऱ्या कपड्यांत संग्राम येताना दिसला. एका हातात बॅट होती, दुसऱ्यात चेंडू.

"सामना कालच संपला," केरबा म्हणाला.

"ठाऊक हाय. तुम्हीच म्हणालात ना, सामना झाल्यावर विचार."

"काय विचारायचंय?"

"चेंडू सोडायचा कसा?" संग्राम म्हणाला. "मारायला मला कुणी शिकवलं नाही, ते आपोआप येतं. सोडताना हातच थांबत नाहीत. लहानपणी मी शाळा बुडवून तुमाला बघायला यायचो. वाटायचं, या माणसाला कशाची घाईच नाही. मला लई हेवा वाटायचा तुमचा. अजून वाटतो."

केरबा खाली बसला. सुजलेल्या बोटाकडे बघत तो म्हणाला, "काल तुला मी मुद्दाम पाठवलं. सांगायचं होतं ते सांगितलं नाही."

"बापूकाका म्हणाले तसं." संग्रामने चेंडू दोन-तीनदा हातात फिरवला. "मी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, अण्णा असं करायचे नाहीत."

त्याने तोच चेंडू केरबापुढे धरला. "मग आता सांगा."

केरबा उठला. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या मोकळ्या मैदानात तो एकट्या संग्रामला चेंडू टाकत राहिला. बघायला कोणी नव्हतं. दुपारी इंदूने मटकीची उसळ केली आणि दोघांना समोरासमोर वाढलं.

तात्यासाहेबांनी आपला शब्द पाळला. पुढच्या वर्षी ते तीन दिवस संध्याकाळच्या सामन्यांना गेले. तीन दिवसांचा सामना पुन्हा झाला नाही. दुसऱ्या कोणी तो हिरावून घेतला असता तर केरबाला निदान रागावता आलं असतं.

त्या दिव्यांच्या सामन्यात एकदा एक अवघड चेंडू आला आणि संग्रामने हात वर घेऊन तो सोडून दिला. "संग्रामने... काहीच केलं नाही," निवेदक म्हणाला. तेवढ्यात पोरांच्या घोळक्यातून आवाज आला, "केरबा केला, केरबा." सगळं मैदान हसलं आणि मग टाळ्या पडल्या.

केरबा गर्दीत बसला होता. टाळ्या संग्रामला होत्या. त्याला थोडं खुपलंच.

शेजारी बसलेल्या इंदूला ते बरोबर कळलं. "ओवा देऊ?"

"राहू दे," केरबा म्हणाला. "टाळी वाजवू दे आधी."

तात्पर्य: आपली वाट ओस पडू लागली की गर्दीच्या वाटेवरच्या माणसाचा हेवा वाटतो. पण हेव्याने त्याची गर्दी कमी होत नाही. आपल्या वाटेने यायला निघालेला एखादाच असतो, आपण त्याच्याच पायात काटा टाकून बसतो.