दहावा हिस्सा

शूर्पारक बंदरावर सुदंत राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व तिथे भद्रिक नावाचे व्यापारी होते.

तिथल्या व्यापाऱ्यांची एक रीत होती. कोणीही आपला सगळा माल एकाच गलबतात भरत नसे. दहा गलबते निघत, आणि प्रत्येक जण प्रत्येकात आपल्या मालाचा दहावा हिस्सा ठेवी. एक बुडाले तरी कोणाचे घर बुडत नसे. रीत शहाणपणाची होती.

एका वर्षी निघण्याआधी भद्रिकांनी एका गलबताच्या तळाला सळई टोचून पाहिली. ओल्या मातीत जावी तशी ती आत गेली. फळ्या किड्यांनी पोखरल्या होत्या. दुरुस्ती करत बसले असते तर प्रवासाला अनुकूल असलेला वारा फिरला असता.

सभा बसली. श्रेष्ठी नंदिवर्धन म्हणाला, "जाऊ द्या त्यालाही. पोचलं तर लाभ, बुडालं तर दहावा हिस्सा. एवढं सोसतं."

"गलबत हाकणाऱ्या तांडेलाचा कितवा हिस्सा बुडेल?" भद्रिकांनी विचारले.

सभा हसली. "भद्रिका, तुला पेढी नको, अरण्य हवं!"

"मग बाकीच्या नऊ गलबतांतला माझा माल तुम्ही घ्या. हे गलबत मला द्या."

नंदिवर्धनाने लगेच हात पुढे केला.

त्याच दिवशी भद्रिकांनी ते गलबत फोडायला लावले. तांडेल धनक धावत आला. "शेटजी, गळक्या गलबतांतच माझा जन्म गेला. पाणी उपसत गेलो असतो. आता पोरं काय खातील?"

 लाकूड विकून जे पैसे आले ते भद्रिकांनी खलाशांत वाटले. ते पुरले नाहीत.

नऊ गलबते सुखरूप परतली. वादळ झालेच नाही. दहावेही परतले असते, असे सगळे म्हणत. कदाचित ते खरेही असेल. राजाने नंदिवर्धनाला मानाचे वस्त्र दिले. भद्रिक त्याच्याच वखारीत कामाला राहिले.

धनकाची बायको वासुला पाण्याला जाताना रोज त्यांच्या दारात थांबून शिव्या घाली. एकदा भद्रिकांची पत्नी रडू लागली. "ऐका तरी, काय काय बोलते ती!"

"ऐकतोय," भद्रिक म्हणाले. "आता घरी जाऊन नवऱ्याशी भांडेल. भांडायला तिला नवरा आहे."

ही कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "तेव्हाचा नंदिवर्धन म्हणजे देवदत्त, धनक म्हणजे आनंद, आणि भद्रिक मीच." सभेत हसलेले व्यापारी आज कोण आहेत, हे त्यांनी सांगितले नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणी विचारलेही नाही.

जिचा पुरावा मागे उरत नाही, त्या करुणेची ही कथा.