साहेबाचे बूट

आमची कारभारीण हौसा मोबाइलच्या खेळात बाग करायची. एकदाच पैसे भरून तिनं खेळातलं जादाचं बेट कायमचं घेतलं, तिथं मोगरा लावला. ती गेली. मग रोज मीच त्या मोगऱ्याला पाणी घालायचो. अन् एक दिवस कंपनीनं बेटाला कुलूप लावलं. म्हणे, आता दरमहा पाचशे भरा. मी कुठनं आणू?

कंपनीच्या नव्या हापिसात सत्यनारायण होता. तिथं साहेबाला गाठलं.

"आजोबा, नियम बदलला," म्हणाला, अन् बूट काढून पूजेला बसला.

बाहेर आला, तर बूट माझ्या पायात.

"अहो, माझे आहेत ते. पैसे मोजून घेतलेत."

"घेतले असतील की. आजपासून दरमहा भाडं. नियम बदलला."

सगळे हसले. साहेबही हसला, मी काढून दिलेले बूट घालून गाडीत बसला.

कुलूप तसंच हाय. आत मोगरा वाळत असंल.