खांद्याला टेकलेले केस

एका राज्यात मोठा अजब कायदा होता. राजघराण्यातल्या बाईनं स्वतःच्याच काय, कुणाच्याच केसांना हात लावायचा नाही. धुवायचे दासीनं, विंचरायचे दासीनं, वेणी घालायची दासीनं. कुणी केला, कशापायी केला, ते विचारू नका. कायदा होता आणि सगळे तो पाळत होते, बस्स.

त्या राज्याची राजकन्या रत्नावळी. केस पोटरीपर्यंत, काळेभोर, नागमोडी. आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. तिच्या केसांचं सगळं करायची तुंगा नावाची म्हातारी दासी. रत्नावळी पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या डोक्याला तुंगाखेरीज दुसरा हात ठाऊक नव्हता.

रत्नावळीला सोळावं लागलं, त्या सकाळी कालकेतू मांत्रिक राजवाड्यात आला. हा कालकेतू कधी गरुडाच्या पाठीवरून यायचा, कधी भिंतीतून. त्या दिवशी भिंतीतून आला. म्हणाला, "महाराज, कन्येला भेट आणली आहे. या क्षणापासून तिच्या तोंडून जी पहिली आज्ञा निघेल, ती खरी होईल."

राजा हरखला. लेकीला सांगायला स्वतः धावत सुटला. पण राजवाडा केवढा, दालनं किती!

तिकडे राजकन्या आरशापुढे बसली होती आणि तुंगा विंचरत होती. ही पोर एक क्षण स्थिर बसेल तर शपथ! मोर ओरडला की मान इकडे, घंटा वाजली की मान तिकडे. शेवटी केसांत गाठ झाली आणि फणी अडकली.

"डोकं हलवू नका, ताईसाहेब, आता..."

"आई गं! दगड हो तू, दगड!"

आणि तुंगा दगड झाली. पायाच्या नखांपासून पांढऱ्या अंबाड्यापर्यंत काळाकुळकुळीत दगड. हातात फणी तशीच, ओठ अर्धे उघडे, वाक्य तोंडातच राहिलेलं. धापा टाकत आलेला राजा दारातच खाली बसला.

रत्नावळीनं त्या दगडाला मिठी मारली. हलवलं, हाका मारल्या, "माघारी घेते, माघारी घेते!" म्हणून ओरडली. दगड गार तो गारच. सोळा वर्षांत ती पहिल्यांदा कुणासाठी तरी रडली.

कालकेतू म्हणाला, "दिलेला वर माघारी जात नाही. पण केसांपायी झालं ते केसांनी फिटेल." त्यानं फुंकर मारली. राजकन्येचा सगळा केशसंभार गळून पायाशी पडला.

"कामं तीन," तो म्हणाला. "केस खांद्यापर्यंत वाढव. एकही गाठ न ठेवता विंचरून वेणी घाल. मग खांद्याच्या रेषेत सारखे काप. तिन्ही वेळी दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. तिसऱ्यांदा आंबे मोहोरतील तोवर मुदत. त्यानंतर दगड तो दगडच." आणि तो भिंतीत शिरला. राजानं तेवढ्यापुरता केसांचा कायदा बाजूला ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, केस वाढवण्यात काय मोठं, नुसतं बसून तर राहायचं. करून बघा! महिन्याला जेमतेम अर्धं बोट वाढ. आधी डोक्यावर काळं मखमल आलं. मग ते उभं राहिलं. मग कानांवर आलं आणि तिथून मुळी हलेना. बांधावं तर पुरत नाही, सोडावं तर डोळ्यांत जातं. आरशात बघून रत्नावळीला रडू यायचं. खिडकीत एक साळुंकी यायची. माणसासारखं बोलायची आणि खरं तेच बोलायची.

"कशी दिसते मी?" राजकन्येनं विचारलं.

"भिजलेल्या कोंबडीसारखी," साळुंकी म्हणाली.

राजाला लेकीचे हाल बघवेनात. त्यानं तिला नेऊन खजिन्याचं तळघर उघडलं. तिथे सात फण्यांचा नाग सोन्याच्या कंगव्यावर पहारा करत होता. नाग म्हणाला, "ने. एकदा फिरवलास की केस टाचेपर्यंत येतील. मोल एवढंच की प्रत्येक वेळी मनातली एक आठवण माझी होईल."

रत्नावळीनं कंगवा उचलला. तिला तुंगाच्या बोटांचा शिकेकाईचा वास आठवला. वेणी घालताना ती गुणगुणायची ते बिनशब्दांचं गाणं आठवलं. "हेच जर मी विसरले, तर दगडातून सोडवू तरी कुणाला?" असं म्हणून तिनं कंगवा नागापुढे ठेवला. नागानं सातही फणे लववून तिला वाट दिली.

तीन उन्हाळे गेले, दोन पावसाळे गेले आणि एका सकाळी केस खांद्याला टेकले. त्याच क्षणी तुंगाचे पाय दगडाचे मांसाचे झाले. जुन्या भेगांसकट, कोमट. रत्नावळी त्या पायांवर डोकं ठेवून कितीतरी वेळ तशीच राहिली.

दुसरं काम विंचरण्याचं. तिनं दुसरी फणी धरली, डोक्यावर टेकवली आणि वरून खाली सणकन ओढली. डोळ्यांपुढे काजवे चमकले! फणीचे चार दात मोडले, गाठ होती तिथेच, उलट आणखी घट्ट.

"तुंगा कशी करायची गं?" तिनं साळुंकीला विचारलं.

"तुझ्या डोक्यावर व्हायचं ते, माझ्या नव्हे. आठव."

रत्नावळीनं डोळे मिटले. तुंगा आधी बोटांना तेल लावायची. मग केसांचं टोक हातात घ्यायची आणि खालून सुरुवात करायची. टोकं सुटली की चार बोटं वर, ती सुटली की आणखी वर. गाठीच्या वर केस मुठीत धरायची, म्हणजे ओढ तिच्या मुठीला बसेल, डोक्याला नाही. सोळा वर्षं ती ओढ तुंगाच्या मुठीनं सोसली होती आणि राजकन्येला त्याचा पत्ताही नव्हता.

तसंच तिनं केलं. मोर ओरडला, मान वळली, सुटत आलेली गाठ पुन्हा आवळली. तेव्हा कुठे तिला कळलं की त्या दिवशीची गाठ कुणी केली होती. "मीच केली गं ती!" ती म्हणाली आणि मग घंटा वाजली तरी हलली नाही. हात मागे नेऊन, दंड भरून येईस्तो, तिनं तीन पेडांची बोटभर वेणी घातली. तुंगाचे हात जिवंत झाले. फणी धरलेल्या बोटांवरची शीर हलताना दिसली.

राहिलं तिसरं. इथे मात्र घात झाला. तुंगा नेहमी न्हाऊ घातल्यावर ओल्या केसांची टोकं कापायची. पोटरीपर्यंतच्या केसांत बोटभर इकडे की तिकडे, कोण बघतंय! रत्नावळीनंही केस धुतले, ओले सरळ केस खांद्याच्या रेषेवर धरले आणि कात्री चालवली. आरशात रेष अशी सुरेख दिसली की ती आनंदानं हसली. मग केस वाळू लागले. वाळता वाळता नागमोडी झाले, वर चढले, हनुवटीपाशी जाऊन थांबले. आणि तिच्या डोळ्यांदेखत तुंगाचे हात पुन्हा दगड होऊ लागले. आधी बोटं, मग मनगट.

रत्नावळी किंचाळली. पण तुटलेला केस काही चिकटत नाही. मोहोर यायला सहा महिने उरले होते.

त्या सहा महिन्यांत तिनं काय काय सोसलं, ते तिचं तिला माहीत. रोज खालून वर विंचरायची, रोज दगडी हातांना तेल चोळायची. आंब्याला पहिला तुरा दिसला, त्या सकाळी केस वाळवून, विंचरून ती आरशापुढे बसली. मागे भांग पाडला, दोन्ही भाग खांद्यांवरून पुढे घेतले. दोन बोटांच्या चिमटीत टोकं धरली, कात्री उभी धरली, आणि तांदळाएवढं, फक्त तांदळाएवढं कापलं. मग पुन्हा तेवढंच.

"मागून कसं?" तिनं विचारलं.

साळुंकी पाठीमागे कोनाड्यात बसली होती. बोलायला तिला मनाई नव्हती. "डावीकडे एक दाणा जास्त," ती म्हणाली.

रत्नावळीनं तो एक दाणा कापला. खांद्यावर केस सारखे टेकले.

कापलेला शेवटचा केस जमिनीवर पडला. मग दगड मागे मागे हटत गेला. हातांवरून, खांद्यांवरून, गळ्यावरून. अंबाडा पुन्हा पांढरा झाला आणि अर्धे उघडे ओठ हलले.

"...सुटली बघा गाठ," तुंगा म्हणाली.

मग तिनं समोर बघितलं. "अगंबाई! ताईसाहेब, केस कुठे गेले तुमचे? आणि कापले कुणी हे?" तिनं सवयीनं टोकं अंगठ्यावर धरून पाहिली. "हात साफ आहे हो कापणारीचा."

रत्नावळीनं डोळे पुसले, तुंगाच्या हातातली फणी काढून घेतली आणि तिला आरशापुढच्या आसनावर बसवलं. तुंगा धडपडून उठायला लागली. "मी? इथे? अहो, महाराज काय म्हणतील!"

दारात राजा उभा होता. तो म्हणाला, "महाराजांनी केसांचा तो कायदा आजपासून कायमचा मोडला."

रत्नावळीनं बोटांना तेल लावलं. पांढरा अंबाडा सोडला, केसांचं टोक हातात घेतलं आणि खालून सुरुवात केली.

"डोकं हलवू नकोस, तुंगा," ती म्हणाली.